जुना संगणक : टाकण्यापूर्वी

सौंदडकडे धानाची मळणी लागली, की बारीक धूळ घरात शिरते. ती संगणकालाही सोडत नाही. जुने यंत्र मधेच बंद पडू लागले, की आपण म्हणतो, "गेलं कामातून!" पण थांबा. आधी मुलांचे फोटो, शाळेच्या याद्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्र नवे मिळेल, फोटो मिळणार नाहीत. मग वायर काढून कॅबिनेट उघडा. पंखा धुळीने भरला, की प्रोसेसर तापतो आणि यंत्र आपोआप बंद होते. मऊ ब्रशाने धूळ झाडा. तेवढ्याने भागले नाही, तर रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. एका वेळी एकच उपाय करा, म्हणजे दोष नेमका सापडेल. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात वीज उरते. ते काम जाणत्या कारागिराचे.