खडकावरचा वसंत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी वसंत हा व्याख्यानांचा ऋतू झाला. मात्र ह्या मालांतून खुद्द वसंतावर कोणी बोलल्याचे आमच्या फारसे ऐकिवात नाही. कारण उघड आहे. रात्रीचे आठ वाजले तरी बाहेर भिंती तापलेल्या आहेत, आपण कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसला आहात. अशा वेळी ऋतुराज आला म्हणून सांगणारा वक्ता थट्टेचाच विषय व्हावयाचा. तो धोका आज आम्ही पत्करीत आहो. नांदेड-लातूरच्या ह्या भाजलेल्या खडकावर वसंत येतो, आणि तो मोठ्या हिशेबाने येतो, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम आमची फजिती सांगतो. विलायती पुस्तकांतून खडकबागांची चित्रे पाहून आमच्या मनाने असे घेतले की, दगडांची आपल्याकडे काही वाण नाही. तेव्हा वसंतात आपल्याही खडकांवर अशीच फुले असली पाहिजेत. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे. बेट म्हणजे पाण्यातले नव्हे; माळावर उठलेली सपाट माथ्याची टेकडी. औषधी वनस्पतींसाठी ती प्रसिद्ध आहे, म्हणून लोक तिला संजीवनी बेट म्हणतात. ऐन चैत्रात, भर दुपारी आम्ही तेथे गेलो. पायांखाली कुसळे, दगडांवरून उठणाऱ्या झळा, आणि फूल म्हणाल तर औषधालाही नाही! एक म्हातारा गुराखी सावली धरून बसला होता. तो म्हणाला, "आत्ता कशाला आलाव सायेब? पाऊस पडल्यावर या की."

त्या एका वाक्यात वनस्पतिशास्त्राचा एक धडा होता, तो समजावयास आम्हांला पुढे दोन वर्षे लागली. थंड देशांत डोंगरावरचा बर्फ वितळतो तो वसंतात. खडकाच्या फटींत पाणी झिरपते तेही तेव्हाच, म्हणून तेथली खडकबाग वसंतात फुलते. आमचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, बेसॉल्टाचा. वर वीतभर मुरूम, कोठे तेवढाही नाही. त्याला पाणी मिळते मृगापासून. पहिल्या सरींनंतर गवतात पांढऱ्या मुसळीची फुले दिसू लागतात, मग कळलावी पेटते, तेरडा येतो; श्रावण-भाद्रपदात त्याच ओसाड माथ्यावर पाय कोठे ठेवावा असा प्रश्न पडतो. म्हणजे आमच्या खडकाचा वसंत पावसाळ्यात असतो. पंचांगातला वसंत मग कोणाचा? तो झाडांचा.

येथेही विलायतेशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडातल्या रानांत वसंतारंभी झाडे उघडी असतात, तेवढ्यात ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, आणि ती संधी साधून झाडांखालची घंटेसारखी निळी फुले घाईघाईने उमलून घेतात. आपल्याकडेही झाडे त्याच सुमारास उघडी होतात. पण खाली काही फुलत नाही, उघडे झाड स्वतःच फुलते. तेथे टंचाई उजेडाची, येथे पाण्याची. पान म्हणजे पाणी उडवून देणारे छिद्रांचे भांडे. ते गाळून टाकले की खोडात-मुळांत साठलेला ओलावा खर्च होईनासा होतो, आणि त्या शिलकीवर झाड फुलोरा धरते. एरवी पानांत दडली असती ती फुले आता मैलभरावरून दिसतात. शिंजीर, साळुंक्या, कावळे, खारी सारे मधासाठी धावतात. पुढे वैशाख-ज्येष्ठात बी सुटते आणि पाठोपाठ पाऊस येतो. पळसाची शेंग पाहा: कागदासारखी चपटी, टोकाला एकच बी. वळवाचा वारा तिला उडवून नेतो आणि मृग तिला रुजवतो. फाल्गुनातले फूल ही मृगाच्या पेरणीची तयारी असते.

पळस पंचांग वाचीत नाही हेही सांगितले पाहिजे. शिशिर संपण्याआधीच तो लाल होतो, आणि वसंत लागेतो निम्मा ओसरलेला असतो. त्याच्याबरोबर काटेसावर. पांगारा बांधाच्या कुंपणातून डोकावतो. कोरड्या खडकाळ उतारावर गणेर, ज्याला कोणी सोनसावर म्हणतात, निष्पर्ण फांद्यांच्या टोकाला पिवळीजर्द फुले धरतो. विलायती चित्रांतल्या खडकबागेच्या जवळचे आपल्याकडे काही असेल तर ते हेच झाड, असे आमचे मत आहे. पाठोपाठ बहावा. ज्यांना हे सारे शास्त्रशुद्ध पाहावयाचे आहे त्यांनी व्ही. एन. नाईक ह्यांचा १९९८ सालचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा ग्रंथ उघडावा.

परंतु वसंताचे खरे घर किनवट-माहूरकडे. हा किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेडात आला. सागाचे रान; सागाला फुले यावयाची पावसात, तेव्हा चैत्रात तो नुसता खराट्यासारखा उभा. मान असतो मोहाचा. त्याची फुले रात्री उमलतात, पहाटे टपटप गळतात. गोंड, कोलाम, आंध बायामुले झुंजूमुंजू होताच टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. ती मांसल, गोड फुले वाळवून ठेवली की पुढे कित्येक महिने उपयोगी पडतात. शहरातले लोक मोह म्हटला की दारूच आठवतात. हा त्या झाडावर अन्याय आहे. मात्र एक गोष्ट खटकते. फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि आग पसरली तर त्या वर्षीची सारी बाळरोपे जातात. म्हातारी झाडे फुलत राहतात, मागे कोणी उरत नाही. ह्यासाठी वेचणाऱ्या बाईस बोल लावण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांस कितपत आहे, हा प्रश्नच आहे. कारण लातूर जिल्ह्यात जंगल शेकडा एकाहूनही कमी उरले आहे, ते काही मोहाच्या फुलांसाठी गेले नाही. आता उरलासुरला पळस शेताच्या बांधावर आहे, आणि बांध यंत्राने कोरून काढला की तोही गेला.

१९१६ चा नव्हे, २०१६ चा चैत्र आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरास आली; दहा वाघिणी, सुमारे पाच लक्ष लिटर. त्या वर्षी कुंड्यांतले गुलाब आणि हिरवळी कोणी वाचवल्या असतील असे वाटत नाही. आमच्या तरी गेल्या. पण रस्त्याकडेचा कडुनिंब ठरल्या वेळी फुलला होता. पाडव्याला आपण त्याचा मोहोर गुळाबरोबर खातो, देगलूरपलीकडचे तेलुगू लोक उगादीच्या पच्चडीत घालतात. पण फुलझाड म्हणून त्याची गणना कोणी करीत नाही.

सभा संपल्यावर कोणी विचारतीलच की, लावावे काय आणि कसे. म्हणून आताच सांगतो. ज्येष्ठात पळसाच्या शेंगा गोळा करा. बी फार दिवस टिकत नाही, तेव्हा पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवू नका. मृगाचा पाऊस होताच अख्खी शेंग मुरुमात आडवी ठेवून वर बोटभर माती लोटा. पिशवीत रोप करण्याच्या भानगडीत पडू नका. सोटमूळ दुखावले की झाड रुसते. पहिली काही वर्षे वर फारसे दिसत नाही, सारा कारभार खाली चाललेला असतो. आमच्या अंगणातले एक रोप वाळले म्हणून आम्ही उपटावयास गेलो, तर वर वीतभर काडी आणि खाली दोन हात उकरले तरी मूळ संपेना. लाजून पुन्हा माती लोटली. गेल्या पावसाळ्यात त्याला पाने आली. अर्थात तीनच.