कृष्णाकाठी आपले स्वागत

व्यासपीठावरील मान्यवर, दूरदूरचे अभ्यासक आणि माझ्या वाईकर बंधुभगिनींनो,

वाईत आपले मनःपूर्वक स्वागत. 'अपुऱ्या माहितीतून कुटुंबांच्या उत्पन्नातली विषमता मोजणे' हा आपल्या परिषदेचा विषय मला पेलणारा नाही. पत्रिकेत विषमतेचे माप म्हणून 'गिनी गुणांक' वाचून आमच्या सराफ खजिनदारांना सोन्याची गिनी आठवली. गिनी हे इटालियन गृहस्थ, हे प्रुफे तपासताना कळले!

तरी विषय वाईला परका नाही. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली, ती १९४० साली ग्रंथरूपाने आली. वाईत किती घरांत ते पुस्तक असेल, विचारू नका. पण उत्पन्न मोजणे सोपे नाही. माझ्या आजीला कुणी मिळकत विचारली, तर उत्तर ठरलेले, "खाऊनपिऊन सुखी आहोत." कणगीतली ज्वारी, गोठ्यातले दूध, बलुत्यात गेलेले धान्य यांना तिने कधी भाव लावला नाही. तो बाजाराचा लावायचा की खळ्यावरचा, हे आपण बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीही वर्षानुवर्षे मुख्यतः खर्चच विचारत आली. खर्च माणूस सांगतो, मिळकत झाकतो. हे हळदीचा व्यापारी म्हणून सांगतो.

आता गावाबद्दल. रास्त्यांचा ढोल्या गणपती १७६२ चा. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. पण माझा खरा अभिमान प्राज्ञपाठशाळा! नारायणशास्त्री मराठ्यांनी ती उभारली, तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, आणि त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्याला नव्हे, वाईला चालले. १९७६ साली पहिला खंड आला. एवढ्याशा गावात 'अ'पासून जगाचे ज्ञान रचले जात होते! (चिठ्ठी आली आहे, आवरतो.)

उणिवा पदरात घ्या. काल रात्री कार्यालयात पाणी उशिरा आले, दोन पाहुण्यांना एकच खोली मिळाली, ध्वनिक्षेपक अजून कुरकुरतो आहे. हळद व्यापाऱ्यांनी भोजनखर्च उचलला, एका भगिनीने आईच्या स्मरणार्थ गाद्या दिल्या, तालमीतली मुले पहाटेपासून सतरंज्या टाकत आहेत. ज्यांनी 'नाव नको' असे बजावून पाकीट दिले, त्यांचेही आभार. आपल्या तक्त्यात ते कुठे बसतील कोण जाणे.

गरम पाणी सकाळी साडेपाच ते साडेसात. बादली रांगेत ठेवावी.