कपाशीच्या पानावरचे काळे ठिपके
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



येताना प्रत्येकाने कपाशीचे एक पान आणा, असा निरोप आम्ही धाडला होता. ते पान आता उजेडाकडे धरा. बारीक काळे ठिपके दिसतात ना? हेच ठिपके देठावर, बोंडावर आणि सरकीच्या गरातही असतात. हा रोग नव्हे. या झाडाच्या विषाच्या कुप्या आहेत. आत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. किड्याने पान कुरतडले की कुपी फुटते आणि घास त्याला बाधतो.

शेतकी कॉलेजात आम्ही या ग्रंथींची आकृती काढून मार्क मिळवले. बाहेर पडल्यावर मात्र गावोगाव फवारणीचे वेळापत्रक वाटत फिरलो. झाड स्वतः काय करते, हे आम्ही कधी सांगितले नाही. ती चूक आमची.

सरकीतले हे विष कोंबड्यांना आणि माणसालाही बाधते. म्हणून 1950 च्या दशकात अमेरिकेत बिनठिपक्यांची कपाशी तयार केली. सरकी निर्विष झाली, पण एरवी कपाशीला तोंड न लावणारे किडे, उंदीर, ससे त्या पिकावर तुटून पडले. पुढे 2006 साली टेक्सासमध्ये कीर्ती राठोड आणि सहकाऱ्यांनी फक्त सरकीतले विष कमी केले, पानांतले मुद्दाम राखले. धडा मिळाला होता.

आता पान उलटे करा. मधल्या शिरेवर, देठाच्या बाजूला, एक बारीक खळगा आहे. त्यातून मध पाझरतो. ही राखणदारांची भाकर. मुंग्या, ढालकिडे, क्रायसोपा, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या या मधासाठी येतात आणि किडींचा फडशा पाडतात. पतंगही तो मध चाखतात, हेही खरे.

ज्वारीसुद्धा गप्प बसत नाही. तिच्या मुळांच्या केसांतून तेलकट थेंब पाझरतात आणि शेजारचे बारीक तण खुंटते.

पण भ्रमात राहू नका. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. या कुप्या तिला रोखत नाहीत. तिच्यासाठी कामगंध सापळे लावा, फरदड ठेवू नका.

आमचे म्हणणे पहिल्या फवारणीपुरते आहे. शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही जहाल औषध मारतो, तेव्हा आधी राखणदार मरतात आणि कीड दुप्पट जोराने परत येते. वीस झाडांची पाने उलटून मोजा. पानामागे दहा मावा किंवा दोन-तीन तुडतुडे भरत नाहीत, तोवर पंप खांद्यावर घेऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दुकानदाराची उधारी फिटते, गेलेला माणूस परत येत नाही.

उद्या सकाळी डबा उघडण्याआधी पान उलटून पाहा. एवढेच मागणे आहे.