पाळणाघरातली दुपार



साहित्याच्या व्यासपीठावरून एका होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईनं पाळणाघराविषयी बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मला बोलावलं तेव्हा सुचवलं होतं की जैन कथांवर काही बोला. तो विषय माझ्यापेक्षा जाणत्या माणसांचा आहे. माझ्याजवळ लहान मुलांची नाकं, कान आणि पोटं तपासण्यात गेलेली वर्षं आहेत, आणि एक चूक आहे. आज त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

आमच्या घरामागे मळमड्डीतल्या जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत एक बाई पाळणाघर चालवतात. घरी त्या कन्नड बोलतात, मराठीही चांगली येते. सगळे त्यांना अक्का म्हणतात. सात मुलं, सर्वांत धाकटं दहा महिन्यांचं, थोरलं साडेचार वर्षांचं. त्यातल्या तीन वर्षांच्या एका मुलाला त्याची आई सर्दी म्हणून माझ्याकडे घेऊन आली. मी सर्दीच्या पुड्या दिल्या. चार दिवसांनी ती परत आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाक एकाच बाजूनं वाहतंय आणि त्याला घाण वास येतोय. हे पहिल्या दिवशीच ध्यानात यायला हवं होतं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव आला की आत काहीतरी अडकलंय असं धरून चालावं, हे आम्हाला विद्यार्थी असतानाच शिकवलेलं असतं. आमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी नाकातली वस्तू बाहेर येत नाही. मी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी चिमट्यानं काढला तो चिंचोका होता.

मला स्वतःचाच राग आला होता, आणि तो मी अक्कांवर काढला. त्यांच्याकडे चिंचोके होते, सागरगोटे होते, बटणांचा डबा होता, कवड्या होत्या, चौकाबाऱ्याचा पट होता. "हे सगळं आजच्या आज काढा," असं मी सगळ्या आयांच्या देखत म्हणाले. आयांनीही मान डोलावली.

पुढं चार-पाच महिन्यांनी दुपारी काही कामानं मी तिथं गेले. सातही मुलं भिंतीला टेकून बसलेली, समोर स्टुलावर मोबाईल उभा केलेला. खोलीत मुलांचा आवाज नव्हता. दहा महिन्यांचं होतं ते बाळ आता वर्ष ओलांडलेलं, तेही बघत होतं. मी अक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "एल्ला तगद इट्टेनरी." सगळं काढून ठेवलंय हो. मग मराठीत, "तुम्हीच सांगितलं होतं की, बाई."

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचना सांगतात की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि पुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको. हे मला ठाऊक होतं. सात मुलं एकटीनं दिवसभर सांभाळणाऱ्या बाईच्या हातून सगळी साधनं काढून घेतल्यावर ती काय करणार, हा विचार मात्र मी केला नव्हता.

मग मी वाचायला घेतलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात मागच्या पिढीपासून आहेत. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वारली पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. माँटेसोरीबाईंची साधनं महाग होती, त्यांच्या जागी यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड आणि माती वापरली. खुद्द माँटेसोरीबाईंचं पहिलं बालगृहही आधी मुलं सांभाळण्याचीच जागा होतं. 6 जानेवारी 1907 ला रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत ते उघडलं, कारण आईबाप कामावर गेले की चाळीतली पोरं जिन्यांत हुंदडून भिंती खराब करत आणि घरमालकांना ते नको होतं. भिंती वाचवायला निघालेल्या कामातून शिक्षणाची एक पद्धत उभी राहिली!

म्हणजे बिया दोषी नव्हत्या. कोणत्या वयाला कोणती बी द्यायची, हे ठरलेलं नव्हतं. मी एक जाड पुठ्ठा घेतला, त्याला चार सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडलं आणि अक्कांच्या दाराजवळ खिळ्याला टांगला. त्या भोकातून जी वस्तू पलीकडे जाईल ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती द्यायची नाही, आणि मोठ्यांनाही अक्का समोर बसल्या असतील तरच. आवाजाच्या खेळासाठी आमच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या मी मोठ्या हौसेनं नेल्या होत्या. पहिल्याच परीक्षेत त्या नापास झाल्या. गुंज आणि एरंडाची बी मात्र कोणत्याच वयाला नको, दोन्ही विषारी आहेत. घड्याळाचे चपटे सेल कुलपात ठेवा. ते गिळले तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. नाकात काही गेलं तर पिन, काडी घालून काढायला जाऊ नका. ते आणखी आत जातं.

आता अक्कांच्या दुपारी काय काय चालतं, ते सांगते. तुमच्या घरी नातवंडं सुट्टीला येतात, तिथंही उपयोगी पडेल.

शहाबादी फरशीवर पाण्यानं चित्रं काढायची. दाढीचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी पुरतं. चित्र वाळून जातं, म्हणून पुन्हा काढायचं. तीन वर्षांच्या मुलाला हे पाऊण तास पुरलेलं मी घड्याळ लावून पाहिलंय. परातीत दोन छोटे तांबे ठेवून एकातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं. पाणी अर्ध्या तांब्याहून जास्त नको, आणि भरलेली बादली त्या खोलीत कधीच नको. वीतभर पाण्यातही तान्हं मूल बुडतं.

घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यांत ज्वारी, नाचणी, खडे आणि मीठ भरून झाकणं चिकटपट्टीनं बंद केली. प्रत्येक जिन्नसाचे दोन डबे, आणि आवाज ऐकून जोडी लावायची. मोठ्या माणसालाही ते वाटतं तितकं सोपं नाही. ज्वारी आणि नाचणीत मी स्वतः चुकले. फडक्याच्या पुरचुंडीत जिरं, गवती चहा, हिंग बांधून वास ओळखायचे. बसू लागलेल्या बाळापुढे एक टोपली ठेवतो. त्यात लाकडी पळी, लोकरीचा गोळा, पितळी वाटी, नारळाची करवंटी, सगळं भोकातून न जाणारं. ही कल्पना एलिनॉर गोल्डश्मीड या इंग्लंडमधल्या बाईंची, पण टोपलीतला ऐवज धारवाडचा.

आणि माती. धारवाडकरांना हे वेगळं सांगायला नको की आपण मलनाड आणि पठाराच्या सीमेवर राहतो. पश्चिमेकडे तांबडी माती, पूर्वेला नवलगुंदाच्या अंगाला काळी. अक्कांनी दोन पाट्यांत दोन माती आणून ठेवल्या. काळी भिजवली की हाताला चिकटते, वाळली की तडकते. तांबडीचं वागणं निराळं. साडेचार वर्षांच्या मुलीनं हे आपलं आपण शोधून काढलं आणि आठवडाभर येईल त्याला दाखवलं. मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल झाले, आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा झाली. पालकांची तक्रार आलीच, कपडे मळतात म्हणून. त्यांना मी सांगितलं की मळायचे कपडे वेगळे पाठवा. माती मांजरं फिरतात तिथली घेऊ नका, नखं कापा, साबणानं हात धुवा, आणि फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

मुंग्यांचा खेळ माझा. पायरीवर चिमूटभर साखर ठेवायची आणि गप्प बसून बघायचं. आमच्या घरात मुंगीवर पाय पडू नये ही शिकवण लहानपणापासूनची. ही मुलंही आता रांग ओलांडताना पाय उचलतात. त्यांना ते कुणी शिकवलेलं नाही.

वाचकहो, एवढ्यात तुमच्या मनात आलं असेल की हे सगळं ठीक, पण साहित्य मंडळाचा याच्याशी काय संबंध? आपण इथं बसून धारवाडातली मराठी टिकेल का, याची चिंता दरवर्षी करतो. आपल्या नातवंडांचे पहिले शब्द दुपारी अडीच वाजता कुठल्या तरी खोलीत ठरत असतात. मोबाईल मुलाशी बोलतो, पण त्याचं ऐकून घेत नाही. तांब्या हातात असताना कुणी "तांब्या" म्हटलं, मुलानं "ताब्या" म्हटलं, आणि त्यावर कुणी हसलं, की तो शब्द त्याचा होतो. अक्का मण्णु म्हणतात, मी माती म्हणते. मुलांचा त्यानं काही गोंधळ होत नाही. कुणाशी काय बोलायचं, हे त्यांना आपल्याहून लवकर कळतं.

आपल्या मळमड्डीत मोठमोठ्या घरांत एकेकटी माणसं आहेत. मुलं पुण्याला, बेंगळूरला. त्यातल्या एक काकू, वय अठ्ठ्याहत्तर, आता दर मंगळवारी अक्कांकडे तासभर जातात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा "मला काय येतंय" म्हणत होत्या. यजमानांचे जुने सदरे त्यांनी जपून ठेवले होते. ते उशांना घातले, बटणं दुहेरी दोऱ्यानं पक्की केली. मुलं ती लावतात, काढतात, पुन्हा लावतात. लावता लावता काकू सांगतात की हा सदरा घालून काका कुठं कुठं गेले होते. गोष्ट दर आठवड्याला बदलते. मुलं ती बदललेली चालू देत नाहीत, मागच्या वेळी काय होतं ते सांगतात, तेही मराठीत.

अशा आणखी तीन-चार काकू-काका आठवड्यातून एक दुपार देऊ शकतील तर मला भाषणानंतर भेटा. पुस्तिका वाचून आठवण झाली तर दवाखान्यात या, फी लागणार नाही.

चिंचोकावाला मुलगा आता शाळेत जातो. शाळा सुटली की आई येईपर्यंत अक्कांकडेच असतो. तो पुठ्ठा त्यानं आपल्या ताब्यात घेतलाय. परवा मी धाकट्याला पुडी द्यायला गेले, तर त्यानं माझ्या हातातली गोळ्यांची बाटली घेतली, भोकातून आरपार काढली आणि मला परत दिली.

"होगतैति," तो म्हणाला. "द्यायची नाही."