फळी जुळवताना कोणी सरकायचे?



इंग्रजीत ‘क्लोज रँक्स’ असा एक वाक्प्रचार आहे. तो लष्करी कवायतीतून आला. रांगेतला शिपाई पडला की उरलेल्यांनी एकमेकांजवळ सरकून खिंडार बुजवायचे, असा तो हुकूम. पुढे संकट दिसताच मतभेद बाजूला ठेवून एकजुटीने उभे राहणे, असा त्याचा अर्थ रूढ झाला. संस्थेतील मंडळी आपल्यातल्या दोषी माणसाला पाठीशी घालतात, तेव्हाही हेच शब्द वापरले जातात. म्हणजे शब्द तेच. कधी शौर्याचे, कधी संगनमताचे.

या शब्दांची कसोटी अमेरिकेत लागली. पहिले महायुद्ध चालू असताना, जुलै १९१८ मध्ये, कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी ‘द क्रायसिस’ मासिकात याच मथळ्याचा अग्रलेख लिहिला. युद्ध संपेपर्यंत आपली खास गाऱ्हाणी विसरून गोऱ्या देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावावा, असा त्याचा आशय होता. आदल्याच वर्षी ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. सैन्यातही त्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. एके काळी सोशॅलिस्ट पक्षात काम केलेल्या ह्यूबर्ट हॅरिसन यांनी या अग्रलेखावर कडाडून टीका केली.

युद्ध जिंकले गेले. गाऱ्हाणी तशीच राहिली. मे १९१९ मध्ये खुद्द डुबॉइस यांनीच परतणाऱ्या सैनिकांना घरच्या अन्यायाशी लढण्याची हाक दिली. त्याच उन्हाळ्यात शिकागोच्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती. सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा आदेश निघायला १९४८ साल उजाडले.

यावरून एकजूट व्यर्थ ठरत नाही. कवायतीत खिंडाराच्या दोन्ही बाजूंचे शिपाई सरकतात. १९१८ साली सरकायला सांगितले गेले ते एकाच बाजूला. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपात हाच प्रश्न उभा राहिला. अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात मज्जाव होता. ‘आधी संप, मग तुमचे पाहू’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मान्य नव्हते. सर्व खात्यांत कामाचा हक्क ही मागणीही संपाच्या मागण्यांत हवी, असा आग्रह त्यांनी धरला. कामगार पुढाऱ्यांना तो नाइलाजाने मानावा लागला.

एकजुटीची हाक देणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने म्हणून आधी स्वतःला विचारावे : गाऱ्हाणे विसरायला आपण कोणाला सांगत आहोत, आणि त्याच्या बदल्यात आपण स्वतः किती पावले सरकणार आहोत?