खोकल्याचे मूळ नेहमी छातीतच नसते
आपल्या भिलाई या पोलादनगरीत खोकला रेंगाळला की दोष कारखान्याच्या धुळीला दिला जातो. परंतु खोकला 2 आठवडे टिकल्यास प्रथम सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी; ती विनामूल्य असते. क्षयरोग वा दमा आढळला नाही आणि खोकला 8 आठवड्यांनंतरही थांबला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. नाकातून घशात उतरणारा स्राव, स्वरयंत्रापर्यंत चढणारे जठरातील आम्ल, क्वचित कानात साचलेला मळही खोकला जागवतो. कारण कान आणि स्वरयंत्र यांत एकाच मज्जातंतूच्या शाखा पोहोचतात. तज्ज्ञ बारीक दुर्बिणीने नाक व स्वरयंत्र तपासतात. आवाज 3 आठवडे बसलेला असल्यास त्यांच्याकडे जाण्यास विलंब करू नये. थुंकीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.