अंगणातला शिंजीर

चंद्रपूर-गडचिरोलीत पळस फुलला, की फुलांवर एक जांभळट काळा, चकाकणारा, जेमतेम 10 सेंटीमीटरचा पक्षी दिसू लागतो. काही जण त्याला हमिंगबर्ड समजतात. पण हमिंगबर्ड राहतो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत. आपला हा शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. हमिंगबर्ड हवेत तरंगत फुलातला रस पितो. शिंजीर बहुधा फांदीवर बसून, बाकदार चोच फुलात घालून.

तिकडे अमेरिकेत हमिंगबर्डसाठी चार भाग पाण्यात एक भाग साखर विरघळवून बाटली टांगतात. आपण टांगावी का? चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो. एवढ्या उन्हात साखरपाणी लवकर आंबतं, मुंग्याही लागतात. शिवाय पिल्लांना हवे असतात किडे आणि कोळी. ते बाटलीत कुठले?

त्यापेक्षा कुंपणाला जास्वंद लावा, बांधावरचे पळस-पांगारे राखा, कीटकनाशकांची फवारणी टाळा. पाण्यासाठी कुंभाराकडचं पसरट, खडबडीत भांडं निवडा. पाणी बोटभर खोल पुरे. मधे एक दगड ठेवा. भांडं सावलीत, मांजराची झेप पोचणार नाही असं असावं. रोज ते घासून ताजं पाणी भरा.

आणि हो, अंगणातल्या फांदीला कोळिष्टकं, साली, काड्या यांचं लोंबतं गाठोडं दिसलं, तर कचरा समजून काढू नका. ते शिंजिराचं घरटं असू शकतं.